दारूबंदी आहे नं, मग दारू येते कुठून?

आमच्या वर्धा जिल्ह्यात बाहेरगावचा पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी हा प्रश्न विचारतोच. बसस्टँडवरून घरी येताना नालीत रिकामे पव्वे दिसतात, पानठेल्याच्या मागं तीनचार जण घोळक्यानं उभे दिसतात, आणि तो म्हणतो, तुमच्याकडं तर पन्नास वर्षांपासून बंदी आहे म्हणतात, मग हे काय? लहानपणी मला या प्रश्नाची लाज वाटायची. मग आईच्या महिला मंडळाच्या कामात तिच्यासोबत फिरलो, ठाण्यात तासनतास बसलो, एकदा धाडीत पंच, म्हणजे पोलिसांच्या जप्तीचा साक्षीदार झालो, कोर्टात उभा राहिलो, आणि लक्षात आलं की याचं उत्तर "पोलीस हप्ते खातात" एवढ्यात संपत नाही. ते पण एक कारण आहेच, त्यावर येतो पुढं. पण त्याच्या आधी बरंच काही आहे जे आपल्याला कोणी नीट सांगतच नाही, म्हणून हे लिहून राहिलो.

पहिले कायदा समजून घेऊ, कारण घोळ इथूनच सुरू होतो. लोकांना वाटते वर्धा, गडचिरोलीसाठी दारूबंदीचा काही वेगळा कडक कायदा असेल. तसं नाहीये. अख्ख्या महाराष्ट्राला एकच दारूबंदी कायदा आहे, १९४९ चा, मूळचा मुंबईकडचा, विदर्भ नंतर मुंबई राज्यात आल्यावर तो आपल्याला पण लागला. त्याचा मूळ सूरच असा आहे की दारू बनवणं, बाळगणं, विकणं, वाहून नेणं, पिणं हे सगळं मना आहे, आणि सरकारनं परवाना दिला असेल तरच चालते. म्हणून तर नागपूरच्या बारमध्ये बसणाऱ्याकडं पण कागदोपत्री पिण्याचा परवाना पाहिजे असतो, कोणी विचारत नाही ती गोष्ट वेगळी. मग दारूबंदीचा जिल्हा म्हणजे काय? तर त्या जिल्ह्यात सरकार दुकानांना, बारना परवाने देत नाही. कायदा तोच, कलमं तीच, ठाणं तेच. बंदीच्या दिवशी फक्त दुकानाचं शटर खाली येते. पिणारा तिथंच राहतो, त्याची तलफ तिथंच राहते, त्याच्या खिशातले पैसे तिथंच राहतात, नदीपलीकडचं दुकान तिथंच राहते आणि शिवारातलं मोहाचं झाड पण तिथंच राहते. शटर खाली ओढणं हे एका दिवसाचं काम आहे, बाकीच्या सगळ्या गोष्टींशी मात्र रोज झगडावं लागते, आणि अंमलबजावणी म्हणतात ती हीच.

आपल्याकडं बंदी आली तीन वेगवेगळ्या वाटांनी. वर्ध्यात सेवाग्राम आहे, पवनार आहे, म्हणजे गांधीजी आणि विनोबा, त्यामुळं सत्तरच्या दशकात सरकारनं हा जिल्हा दारूमुक्त जाहीर केला. गडचिरोलीत मात्र लोकांनी भांडून घेतली, डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्यासोबत गावागावातल्या बाया आणि आदिवासी संघटना कितीतरी वर्षं लढल्या तेव्हा १९९३ मध्ये बंदी लागली. चंद्रपूरच्या बाया २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून निघून पायी पायी नागपूरला हिवाळी अधिवेशनावर धडकल्या होत्या, पारोमिता गोस्वामी आणि त्यांच्या श्रमिक एल्गार संघटनेचं ते आंदोलन, आणि तिथं १ एप्रिल २०१५ ला बंदी झाली. ती २०२१ च्या मे महिन्यात सरकारनं उठवली. त्याबद्दल मला बोलायचंच आहे, पण शेवटाकडं.

ज्या जिल्ह्यात बंदी नाही तिथल्या गावाला आपल्यापुरतं दुकान बंद करता येते, त्याला लोक आडवी बाटली उभी बाटली म्हणतात. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, बाटली आडवी म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू. आधी गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज द्यायचा, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. ऐकायला सोपं वाटते. पण खरी अडचण मोजणीत आहे. समजा गावात ६०० महिला मतदार आहेत. मतदानाला ३८० आल्या. त्यातल्या २९० बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, ९० जणींनी उभ्या. कोण जिंकलं? आपण म्हणू आडवी, तिप्पट मतांनी. पण नाही, कारण नियम मतदानाला आलेल्यांच्या निम्म्याचा नाहीये, यादीतल्या सगळ्या महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त पाहिजे, म्हणजे ३०१. अकरा मतं कमी पडली, दुकान चालू. जी बाई आलीच नाही तिचं मत आपोआप दारूच्या खात्यात गेलं. आता यादी काढून पाहा, त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या पोरी असतात, पुण्या-मुंबईकडं कामाला गेलेल्या असतात, वारलेल्या म्हाताऱ्या असतात. माझ्या मावशीच्या गावात, यवतमाळ जिल्ह्यात, मतदान लागलं ते ऐन कापूस वेचणीत. ज्या बायांच्या घरात दारूचा सगळ्यात जास्त तरास, त्याच बाया किलोमागं मिळणाऱ्या मजुरीसाठी सकाळी सातला वावरात गेलेल्या. आमदार निवडून यायला यादीतली निम्मी मतं लागत नाहीत, एक दुकान बंद करायला लागतात, हे मला आजवर पटलेलं नाही.

आता बंदी झाली, जिल्ह्यात म्हणा नाहीतर गावात म्हणा. मग दारू येते कुठून?

एक वाट नकाशात दिसते. वर्ध्याच्या चहूबाजूला नागपूर, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर. वर्धा नदीच्या अलीकडं बंदी, पलीकडं परवान्याचं दुकान, आणि मधात पूल. गडचिरोलीला तर वैनगंगेपलीकडं चंद्रपूर, शिवाय एका अंगानं छत्तीसगड, एका अंगानं तेलंगणा, जंगलातून जाणाऱ्या पायवाटा सोडूनच द्या. देशीच्या एका पेटीत १८० मिलीचे ४८ पव्वे असतात. समजा पोरगा मोटरसायकलवर पोत्यात दोन पेट्या घेऊन आला, ९६ पव्वे, आणि एका पव्व्यामागं चाळीस रुपये जास्त घेतले तर एका खेपेचे ३८४० रुपये. दिवसभर निंदण केलेल्या बाईची मजुरी याच्याशी लावून पाहा, म्हणजे समजते की एक पोरगा धरला तर त्याच्या जागी दुसरा काऊन उभा राहते. बंदीमुळं भाव वाढतो हे खरं आहे, आणि भाव वाढला की काही माणसं कमी पितात हे पण खरं आहे, पण तोच वाढलेला भाव चोरटी दारू आणणाऱ्याची मजुरी असते. बंदी जितकी कडक, तितका जोखमीचा भाव चढतो, तितकी नफ्याची ओढ. हे कोडं जगात कुठंच कोणाला पुरतं सुटलेलं नाही, अमेरिकेनं १९२० ते १९३३ देशभर बंदी करून पाहिली, त्यांना पण नाही.

आणि या धंद्यात वरच्या पायरीवर माणसं भित नाहीत. २०१८ च्या दिवाळीत चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात दारूची गाडी अडवायला गेलेल्या पोलीस उपनिरीक्षकाला त्याच गाडीनं चिरडून मारलं होतं. पोलिसांना आपण शिव्या घालतो, मी पण घातल्या, पण तो माणूस रस्त्यावर कायद्यासाठीच उभा होता हे विसरून चालत नाही.

दुसरी वाट मोहाची. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, बाया अंधारातच टोपली घेऊन जंगलात जातात, दिवस वर यायच्या आत वेचून आणतात आणि अंगणात वाळवतात. या फुलांचे लाडू होतात, भाकरीत जातात, बैलाला चारतात, आणि जंगलाकाठच्या घरासाठी उन्हाळ्यात नगद पैसा म्हणजे हीच फुलं. गोंड-माडिया घरांमध्ये देवाच्या कामाला, लग्नाला, मयतीला मोहाची दारू लागते, ती रीत पिढ्यानपिढ्यांची आहे. छत्तीसगडात तर आदिवासींना घरच्या वापरापुरती काढायची मुभा आहे. म्हणून मोहफुलं जवळ असणं हा गुन्हा धरता येत नाही आणि धरूही नये. पण त्याच वाळल्या फुलात गूळ-नवसागर घालून ड्रममध्ये भिजवत ठेवलं की त्याचा सडवा होतो, आणि तिथून पुढं हातभट्टी. कच्चा माल झाडावर, कारखाना नाल्याच्या काठी, मशीन म्हणजे चूल, मडकं आणि नळी. नागपूरवरून येणारा ट्रक नाक्यावर अडवता येते, पण हे कुठल्या नाक्यावर अडवणार? आमच्याकडं पोलीस "वॉश आऊट" मोहीम काढतात, ड्रम फोडतात, सडवा ओतून देतात, पेपरात फोटो येतो. आठ दिवसांनी नवा ड्रम. ड्रम फोडल्यानं भट्टीवाल्याचं जे जाते ते एका आठवड्यात भरून निघते.

मी पंच झालो तो किस्सा सांगतो, कारण कायदा कुठं मोडते ते मला तिथं दिसलं.

नोव्हेंबरची सकाळ होती, मी वावरात पाणी द्यायला चाललो होतो, रस्त्यात पोलिसांची गाडी थांबली आणि जमादार म्हणाले, "चाल बाबू, दहा मिनिटांचं काम आहे, पंच पाहिजे." दुसरा पंच म्हणून एक म्हाताराबाबा आधीच गाडीत बसलेला. नाल्याकाठी पळसाच्या आडोशाला तीन निळे ड्रम अर्धे जमिनीत गाडलेले, वरून पोते आणि पाला. पोतं काढलं तसा आंबूस वास असा डोक्यात गेला की मी मागं सरलो. भट्टीवाला कुठंच नव्हता, चूल मात्र गरम होती, म्हणजे तो पाच-दहा मिनिटांआधीच निघून गेलेला. जमादारांनी एका ड्रममधून १८० मिलीच्या बाटलीत नमुना घेतला, तोंडाला फडकं बांधलं, लाखेचं सील मारलं, कागदाच्या लेबलवर आमच्या सह्या घेतल्या. बाकी सगळं नाल्यात उलटं केलं. तपकिरी पाणी, फुगलेली फुलं, आणि त्यावर घोंगावणाऱ्या माशा. पंचनामा एका शिपायानं गाडीच्या बॉनेटवर लिहिला, मी वाचला पण खरं सांगतो पूर्ण नाही वाचला, मला पाण्याची बारी जाऊन राहिली होती. सही केली आणि निघालो. दहा मिनिटांचे अडीच तास झाले.

त्याच्यानंतर चार वर्षांनी समन्स आलं. चार वर्षं! तोवर म्हाताराबाबा वारला होता. पहिल्या तारखेला गेलो तर जज साहेब रजेवर, दुसऱ्या तारखेला आरोपीचा वकील नाही, तिसऱ्या तारखेला उभा राहिलो. वकिलानं विचारलं, बाटली कोणत्या रंगाची होती? लेबल बाटलीच्या कोणत्या बाजूला चिकटवलं? सील तुमच्यासमोर मारलं की ठाण्यात? पंचनाम्यात वेळ साडेआठ लिहिली आहे, तुम्ही म्हणता सात, मग खरं काय? आरोपीला तुम्ही तिथं पाहिलं का? नव्हतं पाहिलं, नाही म्हणालो. बाकी अर्ध्या प्रश्नांना "आठवत नाही" म्हणालो, कारण खरंच आठवत नव्हतं. तो सुटला. बाहेर आल्यावर त्यानं मला हात जोडले, आणि मला जमिनीत गडप व्हावं वाटलं.

यातली एकेक कडी पाहा. दारूची केस उभी राहायला जप्ती पाहिजे, जप्तीला पंच पाहिजे, नमुना नागपूरच्या प्रयोगशाळेत जाऊन "यात अल्कोहोल आहे" असा सीए, म्हणजे रासायनिक तपासणीचा, रिपोर्ट यायला पाहिजे, मुद्देमाल ठाण्यात नीट राहायला पाहिजे, आणि वर्षांनंतर पंचानं तेच सांगायला पाहिजे. एक कडी तुटली की गेली केस. पिणाऱ्यावर केस करायची तर नुसता तोंडाचा वास पुरत नाही, रक्त तपासावं लागते, १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल निघालं तर मग आरोपीनं सिद्ध करायचं की ही बेकायदेशीर दारू नव्हती, असं दारूबंदी कायद्याच्या कलम ६६ मध्ये आहे. त्यासाठी रात्री माणसाला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, डॉक्टर असला पाहिजे, रक्त घेतलं पाहिजे, वेळेत पाठवलं पाहिजे. ठाण्याखाली पन्नासच्या वर गावं, शिपाई मोजके, त्यात गणपती, दुर्गा, निवडणूक, मंत्र्यांचा बंदोबस्त. अटक पण सरसकट करता येत नाही, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज का आहे ते लिहून दाखवा असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये सांगितलेलं आहे, म्हणून विकणारा दुपारी ठाण्यात जाते, नोटीस घेते, संध्याकाळी घरी. गावाला वाटते पैसे देऊन सुटला. काही वेळा तसं असेलही, पण बऱ्याचदा कायद्यानंच सुटलेला असतो, आणि कोर्टाचा तो नियम गरीब माणसाला विनाकारण आत टाकू नये म्हणून आहे, तो मला योग्यच वाटतो.

१ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायद्यात झडती-जप्तीचा व्हिडिओ काढणं आलं आहे. माझ्या त्या केसमध्ये व्हिडिओ असता तर रंग, लेबल, वेळ हे प्रश्नच आले नसते. म्हणून गावात धाड पडली की कोणीतरी विचारा, साहेब व्हिडिओ काढून राहिले नं?

पुन्हा पुन्हा विकणाऱ्यासाठी दोन मोठी हत्यारं आहेत. एक तडीपारी, म्हणजे जिल्ह्याबाहेर काढणं, आणि दुसरं एमपीडीए, म्हणजे धोकादायक कारवाया रोखायचा १९८१ चा कायदा, त्यात हातभट्टीवाल्याला वर्षभर स्थानबद्ध ठेवता येते. पण त्याचे प्रस्ताव बनवायला मेहनत लागते, कागद कमी पडला की हायकोर्टात आदेश टिकत नाही, म्हणून हे मोजक्याच लोकांवर होते.

आता हप्त्याचं. बंदीच्या जिल्ह्यात दारूची प्रत्येक बाटली बेकायदेशीर असते, म्हणजे प्रत्येक बाटलीवर कोणाला ना कोणाला डोळे मिटायचे पैसे मागता येतात. दुकानदाराकडं परवाना असला तर त्याला भीती परवाना जायची, इथं तर परवानाच नाही, सगळा व्यवहार ओळखीवर आणि पाकिटावर. शिवाय बातमी फुटते. आमच्या आळीतल्या एका वहिनीनं एकदा रात्री ठाण्यात फोन केला, शेजारी विक्री चालू आहे म्हणून, नाव सांगू नका म्हणाली. अर्ध्या तासात पोलीस नाही आले, विकणारा आला. दारात उभा राहून म्हणते, "वहिनी, फोन तुमीच केला नं? आमचं काही चुकलं अशीन तं आमालेच सांगाचं, तिकडं काहून सांगता?" आवाज चढवला नाही त्यानं, शिवी दिली नाही. पण त्या दिवसापासून वहिनी संध्याकाळी सातनंतर दार उघडत नाही. अशी एक बाई गप्प झाली की तिच्यासोबत आळीतल्या दहा बाया गप्प होतात. माझ्या मते बंदी खरी मोडते ती इथं. ड्रम पुन्हा भरते म्हणून मोडत नाही, तक्रार करणारी एकटी पडते म्हणून मोडते.

सरकारचा पाय पण दोन दिशांनी ओढल्या जाते. संविधानाच्या कलम ४७ मध्ये लिहिलं आहे की आरोग्याला घातक अशा मादक पेयांवर बंदी आणायचा राज्यानं प्रयत्न करावा. आणि दारूवर जीएसटी नाही, तिचा कर सरळ राज्याच्या तिजोरीत जातो, महाराष्ट्रात वर्षाला वीस हजार कोटींच्या वर. राज्य उत्पादन शुल्क विभागाचं नाव वाचा, शुल्क गोळा करायचं खातं, आणि चोरटी दारू पकडायचं काम पण त्याचंच. मार्च आला की महसुलाचं टार्गेट विचारल्या जाते. जे खातं विकलेल्या लिटरवर तोललं जाते त्याच खात्यानं न विकायची राखण करायची, हे अवघडच आहे.

विकणारा कोण आहे हे पण नीट पाहायला पाहिजे. वरचा सप्लायर गावात कधीच दिसत नाही, धाडीत सापडते ती शेवटच्या पायरीवरची बाई. कितीतरी वेळा ती विधवा असते, नवरा दारूनंच गेलेला, दोन लेकरं, जमीन नाही. बेड्यांवरची, म्हणजे भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांवरची माणसं असतात, ज्यांच्या नावावर सातबारा नाही, जुन्या इंग्रजी कायद्यानं ज्यांच्या पिढ्यांवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, ज्यांना गावात कोणी कामाला लावत नाही. आकडे दाखवायचे म्हणून धाड तिथंच पडते, कारण तिथं धाड टाकणं सोपं असते. मी विकणाऱ्याची बाजू घेऊन नाही राहिलो, तिच्या पव्व्यानं दुसऱ्या बाईचं घर मोडते हे मला माहीत आहे. पण तिच्यावर दहा केसेस करून धंदा बंद झालेला मी पाहिला नाही, आणि बचतगटातून शेळ्या मिळाल्यावर, रोजगार हमीचं काम नियमित लागल्यावर धंदा सोडलेल्या दोघीजणी आमच्याच आळीत आहेत.

पिणाऱ्याची गोष्ट तर बंदीच्या चर्चेत येतच नाही. ज्याला रोज सकाळी उठल्यावर हात थरथरू नये म्हणून घोट लागतो, त्याची दारू एका दिवसात तुटली तर त्याला फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकते. हा आजार आहे, त्याला डॉक्टर आणि औषध लागते. बंदीसोबत तालुक्याच्या दवाखान्यात व्यसनाचा इलाज सुरू झाला नाही तर तो माणूस नदीपलीकडं जाईल नाहीतर जे मिळेल ते पिईल. आणि जे मिळेल ते म्हणजे कधी कधी विष. मोहाची दारू वाईट असली तरी सामुदायिक मृत्यू होतात ते बहुतेक वेळा मिथेनॉलमुळं, कारखान्यातलं रसायन, वास आणि नशा दारूसारखीच, पण पोटात गेल्यावर त्याचं फॉर्मिक आम्ल होते, आधी डोळे जातात मग माणूस. हे नुसतं बंदीच्याच ठिकाणी होते असं नाही, २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली, तिथं तर दारूची दुकानं उघडीच होती. स्वस्त चोरटी दारू जिथं विकल्या जाते तिथं ही भीती असतेच.

मग चंद्रपूरचं काय? बंदी उठवताना सरकारचं म्हणणं होतं की अवैध दारू वाढली, गुन्हेगारी वाढली, बाया-पोरं त्या धंद्यात ओढल्या गेली. हे सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही, तिकडच्या नातेवाइकांकडून मी पण तेच ऐकलं. पण गुन्हे नोंदवल्या गेले म्हणजे गुन्हे वाढलेच असा अर्थ होत नाही, आधी जी बाटली दुकानात कायदेशीर विकली जायची तीच आता पकडली की गुन्हा, मग आकडा वाढणारच. आणि चोरी थांबत नाही म्हणून चोरीचा कायदा कोणी उठवत नाही. आई म्हणते, "घरात उंदीर झाले म्हणून कोणी दार काढून फेकते का?" दुसऱ्या बाजूनं हे पण खरं की सहा वर्षांत कोर्ट, प्रयोगशाळा, दवाखाना, पोलिसांची संख्या यातलं काहीच बंदीच्या मापानं वाढलं नाही. बिहारात २०१६ पासून पूर्ण बंदी आहे, तिथं जामिनाच्या अर्जांनी कोर्टं इतकी तुंबली की देशाच्या सरन्यायाधीशांनी जाहीर बोलून दाखवलं, मग २०२२ मध्ये पहिल्यांदा पिताना सापडलेल्याला दंड भरून सोडायची सोय त्यांना करावी लागली. म्हणजे कायदा कडक केला की काम संपलं असं होत नाही, त्या कडकपणाचं ओझं उचलणारी माणसं कुठून आणणार ते आधी सांगायला पाहिजे. चंद्रपूरच्या बायांनी आपलं काम केलं होतं, चिमूर ते नागपूर पायी चालून. पुढचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते केलं नाही, आणि शिक्षा मात्र बायांना मिळाली, असं माझं मत आहे.

गडचिरोलीत एक वेगळा प्रयत्न चालू आहे तो समजून घेण्यासारखा आहे. तिथं २०१६ पासून मुक्तिपथ नावाचं काम चालते, सरकार आणि बंग यांची सर्च संस्था मिळून. गावोगावी संघटना करायची, गावानं मिळून विकणाऱ्याला नोटीस द्यायची, सडवा गावानंच शोधून नष्ट करायचा, पोलिसांना सोबत घ्यायचं, आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसनी माणसासाठी क्लिनिक. आदिवासी भागात तर पेसा कायद्यानं ग्रामसभेलाच नशेच्या पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण आणायचा अधिकार दिलेला आहे, १९९६ पासून. तिथं पण सगळं सुरळीत आहे असं नाही, सीमेवरून माल येतोच. पण तक्रार एका बाईच्या नावावर राहत नाही, गावाच्या नावावर जाते. वहिनीच्या दारात येऊन "फोन तुमीच केला नं" विचारता येते, दीडशे बायांच्या दारात जाता येत नाही.

आमच्या गावात आईनं मागच्या वर्षीपासून एक वही केली आहे, शाळेची दोनशे पानी. तारीख, कुठं विक्री दिसली, गाडीचा नंबर, ठाण्यात फोन किती वाजता केला, पोलीस किती वाजता आले, काय सापडलं, केस झाली का, झाली तर नंबर काय. फोन आता एकटी कोणी करत नाही, पाचजणी मंदिरात जमतात, स्पीकर चालू करतात आणि मग करतात. पहिल्या तीन महिन्यांत "पोलीस आले" या रकान्यात बहुतेक रेघाच होत्या. मागच्या ग्रामसभेत आईनं ती वही उभी राहून वाचली, तारखेसकट, सरपंच आणि बीटचा शिपाई दोघं समोर बसलेले. कोणावर आरोप केला नाही, फक्त वाचली. त्या सभेत ठराव झाला की दर महिन्याच्या एक तारखेला त्या पानांची झेरॉक्स ठाण्याला, एसपी ऑफिसला आणि उत्पादन शुल्कच्या ऑफिसला पोस्टानं रजिस्टर करून पाठवायची, खर्च ग्रामपंचायत करेल. आतापर्यंत चार महिन्यांच्या पावत्या वहीला पिनेनं लावल्या आहेत. चौथ्या महिन्यात दोन रेघांच्या जागी वेळ लिहिलेली आहे.